तिसऱ्या दिवसाचं पाणी

थोंगीनचा गुडघा समोरच्याच्या कमरेत बसला की ओल्या पोत्यावर दांडकं हाणल्यासारखा आवाज यायचा. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सतरा वर्षांची होते. विहाराच्या जत्रेत भाजलेली कोंबडी विकत होते, आणि ज्याच्या कमरेत तो गुडघा बसला तो माझा चुलतभाऊ होता. भाऊ दोरांवर पालथा पडला, दातांवरचं रबर बाहेर आलं, त्यामागून रक्ताची लाळ आली. आमच्या घरचे सगळे पंचाच्या नावानं ओरडत होते. मी मात्र मारणाऱ्याकडेच बघत राहिले, तिकडे कोंबडीचा कोळसा झाला तरी. पुढच्या कापणीनंतर आमचं लग्न झालं. चुलतभाऊ लग्नात पोटभर जेवला, पण दोन वर्षं माझ्याशी धड बोलला नाही.

नोंग साय गावात त्याला सगळे क्रू थोंगीन म्हणतात. क्रू म्हणजे मुए शिकवणारा गुरू, आणि मुए म्हणजे मुठी, लाथा, गुडघे, कोपरं, जे जमेल त्यानं समोरचा माणूस आडवा करायची विद्या. मीही त्याला क्रूच म्हणते. प्रेमानं म्हणते की टोमणा मारते, ते त्यानं त्या त्या वेळी ओळखायचं.

त्याचा बाप म्हशींचा दलाल. त्यानं थोंगीनला पहिल्यांदा रिंगणात ढकललं तेव्हा पोराचं वय नऊ, वजन पंचवीस किलोच्या आत. पोरगं हरलं, घरी येऊन बापाचा मार खाल्ला, पुढच्या महिन्यात परत उतरलं आणि त्या खेपेला समोरच्याचे दोन दात पाडले. तिथून पुढे एकशे साठ-सत्तर लढती. चार वर्षं बँकॉकला काढली, तिथे दोनदा नाकाचं हाड मोडून घेतलं, उजवी भुवई टाके घालघालून गोधडीसारखी झाली. मग गावी परतून घरामागे पत्र्याचं छप्पर टाकलं आणि तालीम काढली. चार पोती टांगली, दोरांचं रिंगण बांधलं, आणि जे त्याला मिळालं होतं तेच तो गावातल्या पोरांना द्यायला लागला.

काय द्यायला लागला ते सांगते. रोज संध्याकाळी सराव संपला की पोरं हात डोक्यावर घेऊन ओळीनं उभी राहायची. हा एकेकाच्या कमरेवर दोन्ही बाजूंनी वीस-वीस लाथा घालायचा. कंबर पक्की करायची म्हणे. कोणी कळवळला तर मोजणी पुन्हा एकपासून. मी शेजारच्या चुलीवर चिकट भात वाफवत असायचे, आणि नुसत्या आवाजावरून मला कळायचं की आज कोणाला जेवण जाणार नाही.

लढतीच्या दुसऱ्या दिवशी पोरांची लघवी लाल व्हायची. आमच्याकडे कोणी त्याला आजार म्हणत नाही. उलट ज्याची लाल झाली नाही त्याला बाकीचे चिडवतात, की तू काय रिंगणात गप्पा मारून आलास का. क्रूची यावर एक पद्धत होती. लढतीनंतर तीन दिवस प्रत्येकानं सकाळी सोड्याच्या काचेच्या बाटलीत लघवी धरायची आणि उन्हात आणून त्याला दाखवायची. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी निवळ. तिसऱ्या दिवसाचं पाणी निवळ असलं की पोरगं परत पोत्यापाशी. गुलाबी असलं तर आणखी एक दिवस सुट्टी. ही पद्धत त्याला त्याच्या गुरूनं दिली होती, त्या गुरूला त्याच्या गुरूनं. आसपासच्या पाचही गावांतल्या तालमींत अशाच बाटल्या उन्हात धरतात आणि रंग बघतात. पाण्यावर काय तरंगतंय ते बघायला कोणाच्याच गुरूनं सांगितलेलं नव्हतं.

एवढा मारकुटा माणूस, पण घरात त्यानं माझ्यावर किंवा आमच्या मुलीवर चोवीस वर्षांत कधी हात उचलला नाही. भांडण मी काढते, ताटं मी आपटते, तो उठून पोत्याकडे जातो. मग तिकडून धाडधाड आवाज येतो. पोतं उसवलं की मी समजते, आज आपण जरा जास्तच बोललो.

त्याचं दुखणं गुडघ्यांत होतं. चाळिशीनंतर ते कुरकुरायला लागले आणि त्यानं पुड्या धरल्या. वाण्याकडे मिळतात त्या: एवढीशी प्लॅस्टिकची पुडी, आत पाच रंगांच्या पाच गोळ्या, कशाच्या ते वाण्यालाही ठाऊक नसतं. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशा सात-आठ वर्षं खाल्ल्या त्यानं. वाण्याकडून आणायचे मीच. हे लपवून मला काही चांगलं म्हणवून घ्यायचं नाही.

आता खाम्फानबद्दल सांगायला हवं. हा शेजारच्या बान फाय गावचा. बावीस वर्षांपूर्वी त्याची आणि थोंगीनची लढत झाली होती, आणि ती अजून संपलेली नाही असं दोघंही मानतात. शेवटच्या फेरीत खाम्फानच्या कोपरानं याची भुवई फुटली. रक्त डोळ्यांत गेलं, याला दिसेना. मग यानं चाचपडत त्याची मान दोन्ही हातांत धरली आणि कमरेत गुडघे घालायला सुरुवात केली. अकरा मोजले मी. खाम्फान मटकन खाली बसला. पण पंचानं थोंगीनचं रक्तानं भरलेलं तोंड बघून विजय खाम्फानला दिला. खाली बसलेला जिंकला, उभा असलेला हरला. तेव्हापासून बाजारात समोरासमोर आले की दोघं एकमेकांच्या वाटेत थुंकतात.

यंदा जत्रेच्या मंडळींच्या डोक्यात आलं की जुन्या मल्लांची एक लढत ठेवावी, तीन फेऱ्यांची. कोणालाही न विचारता त्यांनी भोंग्यावरून दोघांची नावं पुकारली. थोंगीन तेव्हा सत्तेचाळीसचा होता. पंधरा दिवसांत सहा किलो उतरवायचे होते.

मी म्हटलं, "या वयात हाडं गोळा करून आणायला मला पाठवणार आहेस का तिकडे?"

तो म्हणाला, "बावीस वर्षं लोक विचारतायत, खरं कोण जिंकलं. एकदा सांगून टाकतो."

आणि तो प्लॅस्टिकचा बंद सूट चढवून दुपारच्या उन्हात पळायला गेला.

पाचव्या दिवशी सकाळी तो अंगणात आला तेव्हा त्याचं तोंड सुजलेलं होतं. डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या, पापण्या उघडत नव्हत्या. मी बघितलं आणि सवयीनं बर्फ आणायला गेले. लग्न झाल्यापासून हेच करत आले होते. फडक्यात बर्फ गुंडाळला, त्याच्या डोळ्याखाली धरला, आणि माझा हात तिथेच थांबला.

याला मारलं कोणी?

तो अजून कोणाशी भिडलाच नव्हता. नुसता पळत होता आणि पोतं बडवत होता. पोतं काही उलट मारत नाही. तालमीतल्या पोरांपैकी एकाचीही याच्या तोंडाला हात लावायची छाती नव्हती. मग हा माणूस मार न खाता सुजला कसा? मी तशीच फडकं धरून उभी राहिले आणि मला एकेक गोष्ट आठवायला लागली. हे आजचं नव्हतं. महिना-दीड महिना झाला, सकाळी त्याचं तोंड असंच असायचं. मी बर्फ लावायचे, दुपारपर्यंत सूज उतरायची, आणि मला वाटायचं बर्फानं उतरली. घोट्यावरच्या पट्ट्या काढल्या की कातडीत रुतलेले वळ संध्याकाळपर्यंत तसेच राहायचे. रात्री लघवीला तीन-तीनदा उठायचा. जेवण अर्धं टाकायचा, म्हणायचा भाताला लोखंडाची चव येते. त्यावरून तर मी त्याच्याशी कडाडून भांडले होते, की आईच्या हातचं खायचं असेल तर जा तिच्याकडे. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आणि संडास. तालमीचा संडास मीच धुते. कितीतरी दिवस सकाळी तिथे पांढरा फेस साचलेला असायचा, दोन डबे पाणी ओतलं तरी जायचा नाही. पोरं साबण सांडतात म्हणून मी त्यांना सात पिढ्यांपर्यंत शिव्या घालत होते. बिचारी ऐकून घेत होती.

मी थोंगीनला म्हटलं, बाटली आण. तो हसला, म्हणाला, लढत तरी होऊ दे. मी परत म्हटलं, आण. माझ्या आवाजाला काहीतरी झालं असावं, कारण तो मुकाट्यानं गेला आणि बाटली भरून घेऊन आला. पोरांसमोर धरायचा तशीच उन्हात धरली.

"बघ. कोणाचं तिसऱ्या दिवसाचंसुद्धा इतकं निवळ नसतं."

निवळ होतंच. आणि त्यावर बोटभर फेस उभा होता, बिअरवर असतो तसा. मी बाटली भिंतीवर ठेवली. भात वाफवला, मिरची कुटली, अकरा जणांना वाढलं, भांडी घासली. परत येऊन बघितलं तर फेस तसाच.

फडक्यात बाटली गुंडाळून मी स्कूटरवरून उपकेंद्रात गेले. तिथली नर्स लामाय, वयानं माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिनं कागदाची एक पट्टी बाटलीत बुडवली. पट्टीवरचा पिवळा चौकोन बघता बघता हिरवा झाला, मग गडद हिरवा. लामायताईनं डब्यावरच्या रंगांशी ती जुळवली आणि विचारलं, "कुणाची आहे?"

मी सांगितलं. तिनं त्याला घेऊन यायला सांगितलं, आजच्या आज.

त्याला कसं नेलं ते विचारू नका. गॅसचं सिलिंडर आणायचंय म्हणून मागे बसवलं आणि उपकेंद्राच्या दारात गाडी थांबवली. लामायताईनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला. रक्तदाब एकशे शहात्तर भरला. तिनं खाली वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. वीस वर्षं केळीच्या बुंध्यांवर आणि माणसांच्या बरगड्यांवर आपटून टणक झालेली ती नडगी, आणि अंगठा काढला तर तिथे खळगा. आम्ही तिघं त्या खळग्याकडे बघत बसलो. तो भरायला बराच वेळ लागला.

थोंगीन म्हणाला, "पण मला कुठेच काही दुखत नाही."

"या रोगात दुखत नाहीच, क्रू," लामायताई म्हणाली. "किडनी म्हणजे चाळणी आहे. तुमची चाळणी फाटायला लागलीय. रक्तातला कस गळतोय, त्याचाच हा फेस. दुखायला लागेपर्यंत थांबलात तर चाळणीच उरायची नाही. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. पुड्या आजपासून बंद."

त्यानं शांतपणे ऐकलं, हात जोडले आणि म्हणाला, जत्रा झाली की जातो.

लामायताईनं मला दाराबाहेर गाठलं आणि दवाखान्यासाठी चिठ्ठी हातात दिली. "पाणी तोडून वजन उतरवणार, पुड्या खाऊन उतरणार, आणि वर कमरेत लाथा. तिसऱ्या फेरीपर्यंत किडन्या बंद पडल्या तर मी काही करू शकणार नाही. डॉक्टरही काही करू शकणार नाही. ऐकतेस ना, पिकुन?"

ऐकत होते मी. घरी येऊन मी आभाळ डोक्यावर घेतलं. पुढचे दहा दिवस मी केलं नाही असं काही उरलं नाही. पुड्या चुलीत घातल्या, तो वाण्याकडून नव्या घेऊन आला. प्लॅस्टिकचा सूट कापला, त्यानं खताच्या पिशव्या शिवून घेतल्या. विहारातल्या मोठ्या भिक्खूंना सांगितलं, त्यांनी त्याला बोलावून समजावलं. यानं तीनदा डोकं टेकवून नमस्कार केला आणि तिथून तसाच पळायला गेला. मुलगी रायोंग शहरात कारखान्यात आहे. ती फोनवर रडली. तिला म्हणाला, तुझी आई फेसाला घाबरते.

मला एवढंच म्हणाला, "भुवई फुटून डोळ्यांत रक्त जात होतं तेव्हा थांबलो नाही. आता फेस बघून थांबू? लोक काय म्हणतील?"

"लोक तुझ्या प्रेतावर फुलं वाहतील आणि घरी जाऊन जेवतील," मी म्हटलं. तो उठून पोत्याकडे गेला.

शेवटचे दोन दिवस त्यानं पाणी पूर्ण तोडलं. खताच्या पिशव्या अंगावर घालून दुपारभर पत्र्याखाली बसायचा आणि डब्यात थुंकायचा. थुंकीचंही वजन असतं ना. ओठ फाटले, डोळे आत गेले, लघवी चहासारखी काळी आणि घोटभर. खाज सुटायची म्हणून पाठ खांबावर घासायचा. तेवढ्यातही त्यानं उठून पोरांच्या कमरेच्या लाथा चुकवल्या नाहीत. एका पोराच्या डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाला, रडून पाणी वाया घालवू नकोस. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, आणि त्याच्यासाठी इतकं तुटलं आतून, की मी फडक्यात तोंड खुपसून बसले.

जत्रेच्या दिवशी सकाळी वजन झालं, बरोबर भरलं. लढत दुपारी होती. तो स्वयंपाकाच्या छपराखाली आला तेव्हा मी मसाला कुटत होते. त्याच्या हातात पट्टीची गुंडाळी होती. लढतीआधी त्याचे हात मीच बांधते, लग्नापासून. दुसऱ्या कोणी बांधलेलं त्याला चालत नाही. त्यानं एक पुडी तोंडात टाकली, पाण्याशिवाय चावून गिळली, दुसरी टाकली. मग समोर बसला आणि उजवा हात लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला, पालथा, बोटं फाकवून. डोळे मिटून घेतले. मी बांधत असताना तो नेहमी डोळे मिटतो.

"जरा घट्ट बांध," तो म्हणाला.

दगडी बत्ता माझ्या हातातच होता. मिरचीनं लाल झालेला. मी तो उचलला आणि त्याच्या हातावर घातला, अंगात होतं तेवढ्या जोरानं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी. हाड मोडल्याचं मला मुठीत कळलं. पहिल्या घावानं पुरेसं झालं होतं, पण मी आणखी एक घातला. एकाच घावावर तो पट्टी बांधून उतरला असता, ओळखते मी त्याला.

तो ओरडला नाही. त्याचं डावं कोपर उठलं, आपोआप, जसं एकशे साठ लढतींत उठलं असेल, आणि माझ्या कानशिलापाशी येऊन थांबलं. केसांना त्याचा वारा लागला. त्या कोपरानं त्यानं माणसांची कपाळं फोडली आहेत. तो तसाच राहिला, कोपर हवेत, आणि उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत. मग त्यानं ते हळूच खाली घेतलं. हाताच्या कडेनं रक्त आणि मिरची एकत्र वाहत होती, आणि मला वेड्यासारखं वाटलं की याला झोंबत असेल.

मी म्हटलं, "चल. दवाखान्यात."

तालुक्याला जाताना तो स्कूटरवर माझ्या मागे बसला होता आणि त्यानं मला धरलं नाही. डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाचा. त्यानं फोटो काढला, दोन हाडं मोडली होती. कशानं लागलं विचारलं. थोंगीन म्हणाला, पडलो. डॉक्टरनं मिरचीच्या बियांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही लिहिलं नाही. मी त्याला लामायताईची चिठ्ठी दिली. रक्त काढलं. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. जत्रेचा विहार तालुक्याच्या वेशीवरच, त्यामुळे खिडकीतून भोंगा ऐकू येत होता. थोंगीनचं नाव पुकारलं. थोड्या वेळानं परत पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना बोलणारा हसला, म्हणाला, नोंग सायचा गुडघा आज घरीच दुमडून बसलेला दिसतोय. लोकांचा हशाही ऐकू आला. थोंगीन भिंतीकडे तोंड करून बसला होता. चोवीस वर्षांत मी त्याला इतका मार खाताना बघितलं नव्हतं, आणि मारणारी मी होते.

डॉक्टरनं कागद आणला. किडन्यांचं काम शंभरातलं अडतीस उरलं होतं. पाणी तोडल्यानं आणखी उतरलं होतं, त्यातलं थोडं परत येईल म्हणाला. आज लढला असतात तर उद्यापासून रक्त धुणाऱ्या यंत्रावर असतात, किंवा तिथेही नसतात. आता पुड्या बंद, मीठ कमी, खारवलेली मासळी बंद, रक्तदाबाची गोळी रोज. जे गेलं ते गेलं. पण उरलंय ते पुष्कळ वर्षं टिकेल, सांभाळलंत तर.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि ढसाढसा रडले. तो शेजारी उभा राहिला. आठ दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी वाढलेलं बिनमिठाचं खायचा, गोळी घ्यायचा, पोरांना डाव्या हातानं शिकवायचा. कमरेच्या लाथा त्यानं बंद केल्या. का केल्या ते पोरांना सांगितलं नाही. हाताचं विचारलं तर सगळ्यांना एकच उत्तर, पडलो. कोणाचा विश्वास बसला नव्हता. घाबरून स्वतःच मोडून घेतला, असं बाजारात बोलत होते. हे मला भाजीवालीनं सांगितलं, आणि त्याच्याही कानावर गेलं असणारच.

नवव्या दिवशी खाम्फान आला. सकाळी सकाळी, मोटरसायकलवर, सराव चालू असताना, म्हणजे मुद्दाम पोरांसमोर. रिंगणात एकट्यानंच लढतीआधीचा गुरुवंदनेचा नाच करून खाली उतरावं लागलं होतं त्याला, लढत नाहीच, त्याचा राग होता. गाडीवरून उतरलाही नाही.

"काय क्रू," तो म्हणाला, "ऐन मुहूर्तावर पडलास म्हणे. कुठून, पलंगावरून?"

पोती थांबली. पोरं थोंगीनच्या डाव्या हाताकडे बघायला लागली. तो हात धड होता, आणि खाम्फानचं तोंड दोन पावलांवर होतं. मी पुढे झाले, माझ्या जिभेवर बरंच काही होतं. थोंगीननं मला हातानं मागे सारलं.

"पडलो नाही," तो म्हणाला. "बायकोनं मोडला. बत्त्यानं."

खाम्फानला क्षणभर कळेना. मग तो हसायला लागला. टाकीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पोरांपैकी दोघं-तिघं खाली मान घालून हसली. माझे कान तापले. "परत सांग," खाम्फान म्हणाला.

"बायकोनं मोडला, मी लढू नये म्हणून. माझ्या किडन्या अर्ध्याहून जास्त गेल्यात." थोंगीन हे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "दुखत काहीच नव्हतं. सकाळी तोंड सुजायचं. आपल्यासारख्याला वाटतं, सूज आली म्हणजे मार लागला. मला तर कोणी मारलंच नव्हतं. लघवीवर फेस यायचा, तो मी कधी बघितला नाही. रंग बघत बसलो. रक्त तपासलं तेव्हा कळलं. तिनं हात मोडला नसता तर तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्या लाथेला मेलो असतो, आणि तू जिंकला असतास."

खाम्फान हसायचा थांबला होता. सकाळचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडत होतं, आणि मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. पापण्या सुजून जड झाल्या होत्या. लढत झालीच नव्हती, म्हणजे त्यालाही कोणी मारलेलं नव्हतं. तो गाडीवरून उतरला, स्टँड लावला, आणि बराच वेळ हँडलशी चाळा करत राहिला.

"ते रक्त काढतात ते," शेवटी तो म्हणाला, "उपाशीपोटी काढतात का?"

"उपाशी असलं तर बरं," थोंगीन म्हणाला. "काही खाल्लंयस सकाळपासून?"

"नाही अजून."

थोंगीननं पोरांना सराव चालू ठेवायला सांगितलं. मग तो डाव्या हातानं सीटला धरून खाम्फानच्या मागे बसला.